डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पॅसिफिक

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, खाडीच्या अगदी काठावर पालो आल्टोचा छोटा विमानतळ आहे. समुद्रसपाटीपासून उंची 7 फूट, धावपट्टी एकच आणि तिची लांबी 2,443 फूट. इथून कॅलिफोर्नियाचा किनारा धरून सॅन डिएगोला गेलं तर 400 नॉटिकल मैलांहून थोडं अधिक अंतर भरतं. म्हणजे साधारण पावणेआठशे किलोमीटर. सेस्ना 172 हे चार आसनांचं विमान 110 ते 120 नॉट वेगाने चालतं. त्या हिशेबाने हवेतले तास चारच्या आसपास. तयारीला मात्र याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि ती तयारी म्हणजेच या प्रवासाचा अर्धा आनंद आहे.

किनाऱ्याने जाताना वाट चुकण्याची भीती नाही. एका बाजूला जमीन, एका बाजूला पाणी, मधली रेघ पकडायची की झालं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. आज आपल्यापुढे जीपीएसच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह सरकत असतं. तरी किनाऱ्याची अडचण जुनीच आहे. खाली सपाट शेत नसतं, एका बाजूला डोंगर उभा असतो आणि समोरून धुकं कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून कुठून जायचं हे किनाऱ्यावर सोडावं. आपण ठरवायचं ते कुठे थांबायचं, कुठे वळायचं आणि कुठल्या टप्प्यावर माघारी फिरायचं, एवढंच.

सुरुवात ऋतूपासून होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो. शिवाय वायव्येचा वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि तळाचं आणखी गार पाणी वर येतं. या पाण्यावरची हवा थंड आणि ओलसर होते. तिच्या वर पॅसिफिकच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातली कोरडी, उबदार हवा झाकणासारखी बसते. झाकणाखाली ढगांचा सपाट थर साचतो. त्याचा तळ कधी 500 फुटांवर, तर कधी 1,500 फुटांवर. वरची बाजू बहुधा दोन-अडीच हजार फुटांवर. रात्री हा थर जमिनीवर सरकतो, ऊन चढलं की विरतो आणि संध्याकाळी परत येतो. मे-जूनमध्ये तो कित्येक दिवस हलतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा सर्वांत भरवशाची असते, म्हणून आम्ही ऑक्टोबर निवडला. त्या दिवसांतही वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे सांता आना वारे येऊ शकतात. तेव्हा आकाश लख्ख असतं, पण खिंडींच्या तोंडाशी विमान जोरात हादरतं.

डोळ्यांनी बघून उडणाऱ्या वैमानिकाला नियमाने किमान 3 मैल दृश्यमानता लागते आणि ढगापासून खाली 500 फूट, वर 1,000 फूट, आडवं 2,000 फूट अंतर ठेवावं लागतं. हे आकडे कायद्याला पुरतात. किनाऱ्यावर मी त्याहून कडक माप धरतो. मोसम कोणताही असो, हवामानाच्या अहवालात मी आधी दोन आकडे शोधतो: तापमान आणि दवबिंदू. दोहोंत दोन-तीन अंशांचंच अंतर उरलं असेल आणि सूर्य मावळतीला असेल, तर त्या विमानतळावर थर येणार असं धरून चालायचं. त्याच वेळी डोंगरापलीकडच्या विमानतळाचा अहवालही बघायचा. किनारा झाकलेला असताना आतली सलिनास दरी उघडी असते, असं पुष्कळदा होतं. किंग सिटी आणि पासो रोब्लेस हे तिथले विमानतळ नकाशावर आधीच खुणा करून ठेवावेत.

मग वजन. या वेळी बरोबर बायको होती आणि हर्णैहून आलेले मामा. मामांना त्यांचं वजन विचारलं तर म्हणाले, “अरे, विमान उडवतोयस की तराजू?” दोन्ही, हे खरं उत्तर. सेस्ना 172 च्या नव्या आवृत्तीचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 2,550 पौंड. टाक्या पूर्ण भरल्या की वापरता येण्याजोगं 53 गॅलन, म्हणजे सुमारे 200 लिटर पेट्रोल बसतं आणि त्याचंच वजन 318 पौंड होतं. रिकाम्या विमानाचं वजन धरून उरतात साधारण 250 किलो, माणसं आणि सामान मिळून. तीन प्रौढ आणि छोट्या पिशव्या, एवढ्यावर ताळेबंद मिटतो. मामांनी आणलेल्या कोकमाच्या बाटल्या घरीच राहिल्या.

इंधन तासाला साधारण 9 गॅलन जळतं, म्हणजे भरल्या टाकीत पावणेसहा तास. दिवसा पोहोचल्यावर किमान अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक असावं असा अमेरिकेचा नियम आहे, रात्री पाऊण तासाचं. किनाऱ्यावर मी एक तासाचं धरतो. ज्या विमानतळावर उतरायचं तोच धुक्याने बंद झाला तर डोंगर ओलांडून आत जावं लागतं, आणि त्याला अर्धा तास पुरत नाही.

उंचीचा हिशेब या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा. इंजिन बंद पडलं तर हे विमान दगडासारखं कोसळत नाही; दर हजार फुटांमागे दीड नॉटिकल मैल तरंगत पुढे जातं. 1,500 फुटांवरून दोन मैल, 5,500 फुटांवरून आठ मैल. खालून फोटो छान येतात, वरून पर्याय मिळतात. जमिनीपासून 3,000 फुटांच्या वर उडताना पूर्वेच्या अंगाने जाणाऱ्यांनी विषम हजार अधिक 500 फूट आणि पश्चिमेच्या अंगाने जाणाऱ्यांनी सम हजार अधिक 500 फूट उंची घ्यायची असते. कॅलिफोर्नियाचा किनारा आग्नेयेकडे उतरतो, म्हणून जाताना 5,500 आणि येताना 4,500 किंवा 6,500.

पालो आल्टोवरून उडाल्या उडाल्या मॉफेट फील्डचा अवाढव्य हँगर दिसतो. 1930 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या ‘मेकन’ या हवाई जहाजासाठी तो बांधला. या जहाजाची गोष्ट मी प्रत्येक प्रवाशाला सांगतो, कारण ती आमच्याच वाटेवर संपते. आधी ‘अ‍ॅक्रन’ हे त्याचं जुळं जहाज 4 एप्रिल 1933 रोजी न्यू जर्सीजवळ समुद्रात पडलं. जहाजावर लाइफ जॅकेट नव्हती. 76 पैकी 73 माणसं गेली. 12 फेब्रुवारी 1935 रोजी ‘मेकन’ बिग सर या डोंगराळ किनाऱ्यावरच्या पॉइंट सरजवळ वादळी वाऱ्यात सापडलं. त्याच्या शेपटीचा आधीच इजा झालेला भाग पुरता दुरुस्त झालेला नव्हता. तोच तुटला आणि जहाज समुद्रात गेलं. या वेळी जहाजावर लाइफ जॅकेट आणि फुगवायचे तराफे होते. 83 पैकी 81 जण वाचले.

खासगी उड्डाणात किनाऱ्यालगत लाइफ जॅकेटची सक्ती नाही. आम्ही तिघांनी ती जमिनीवरच अंगात चढवली. कमरेला बांधायची चपटी जॅकेट मिळतात, बसायला अडचण होत नाही. एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावायची: विमानाच्या बाहेर पडल्याशिवाय ते फुगवायचं नाही. आत फुगवलं तर माणूस दारातून निघत नाही. पाण्याला टेकण्याआधी दार किलकिलं करून ठेवायचं, कारण या विमानाची चाकं आत ओढली जात नाहीत. ती पाण्यात अडकून विमान उलटू शकतं. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. हर्णैच्या माणसाला पाण्याचे नियम नवीन नव्हते.

सांताक्रूझचे डोंगर ओलांडले की मोंटेरेची अर्धवर्तुळाकार खाडी समोर येते. ती सरळ कापली तर थोडे मैल वाचतात. आम्ही वॉटसनव्हिलवरून कडेकडेने गेलो. वाटेवर विमानतळ मिळतो आणि खाडीच्या तोंडावर धुकं आहे का, ते दिसतं. ही खाडी आणि पुढचा मोठा किनारा 1992 पासून संरक्षित सागरी अभयारण्य आहे. त्यातल्या ठराविक पट्ट्यांत 1,000 फुटांखाली उडायला बंदी आहे, आणि इतरत्रही 2,000 फुटांच्या वर राहा अशी विनंती नकाशावर छापलेली असते. सील आणि समुद्रपक्षी आवाजाला घाबरून पिल्लं सोडून पळतात, हे त्यामागचं कारण.

मोंटेरे हा निर्णयाचा पहिला टप्पा. इथून पुढे सॅन लुइस ओबिस्पोपर्यंत जवळजवळ शंभर मैल किनाऱ्यावर एकही सार्वजनिक विमानतळ नाही. पॉइंट सरचं दीपगृह स्वच्छ दिसत असेल तर पुढे जायचं. खालच्या ढगांत फटी असतील तर ‘फटीतून बघू’ म्हणायचं नाही, सलिनास दरीने जायचं. ढगांच्या वर ऊन असतं, समोर निळं आकाश असतं, आणि तेवढ्यात मागची फट मिटलेली असते. दिवस आमच्या बाजूने होता. पांढरं काही असेल तर ती लाटांची किनार.

बिग सरमध्ये सांता लुसिया डोंगररांग सरळ समुद्रात उतरते. कोन पीक हे शिखर 5,155 फूट उंच आणि समुद्रापासून जेमतेम तीन मैलांवर. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये गावं, भातखाचरं, खाड्या मावतात. इथे मधला पट्टाच नाही. मामा उजवीकडच्या खिडकीशी बसले होते. डावीकडे वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “या डोंगराला कोकणच नाही रे!” बिग सरचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. वैमानिकाला त्यात इशाराही ऐकू येतो: उतरायला जागा नाही. खालचा एक नंबरचा महामार्ग वळणांचा, तारांचा आणि दरडींचा आहे. मे 2017 मध्ये मड क्रीकला एवढी मोठी दरड आली की तो भाग पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत बंद होता. डोंगराच्या पलीकडे लष्कराचं हंटर लिगेट क्षेत्र, तिथेही विचारल्याशिवाय शिरता येत नाही. म्हणून 5,500 फुटांवर, किनाऱ्याच्या अगदी जवळून जायचं.

याच पट्ट्यात कॅलिफोर्नियाचे कॉन्डर आहेत. पंखांचा पसारा नऊ फुटांहून जास्त. 1987 मध्ये रानात उरलेला शेवटचा कॉन्डरही प्रजननासाठी पकडला गेला आणि रानात एकही उरला नाही. दहा वर्षांनी बिग सरमध्ये ते पुन्हा सोडायला सुरुवात झाली. कड्याला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर हे पक्षी तरंगतात. त्यामुळे कड्याला चिकटून उडायचं नाही, त्यांच्यासाठीही आणि आपल्यासाठीही. खाली 1932 सालचा बिक्सबी पूल गेला, पॉइंट सरचं 1889 चं दीपगृह गेलं. त्याच्या समोरच्या पाण्यात ‘मेकन’चे अवशेष आहेत.

या साऱ्या वाटेवर आम्ही एकटे नव्हतो. ‘फ्लाइट फॉलोइंग’ मागितलं की नियंत्रक रडारवर तुमच्यावर नजर ठेवतो आणि आसपासच्या विमानांची सूचना देतो. सेवा मोफत आहे, पण डोंगराआड खाली उडालं तर रेडिओही पोहोचत नाही आणि रडारवरही दिसत नाही. उंची राखायचं हे आणखी एक कारण. याशिवाय उड्डाणाचा आराखडा नोंदवून ठेवायचा. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद केला नाही, तर शोध सुरू होतो. खिशात 406 मेगाहर्ट्झचा छोटा आणीबाणी बीकन असावा. जुन्या 121.5 मेगाहर्ट्झच्या यंत्रांचे संकेत उपग्रहांनी टिपणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद झालं आहे. भाड्याच्या विमानात कुठलं यंत्र आहे ते विचारून घ्यावं.

सॅन लुइस ओबिस्पोला इंधन घेतलं, जेवलो, आणि पुढच्या टप्प्याची सूचनापत्रं पुन्हा तपासली. पुढे व्हँडेनबर्ग हा अवकाश तळ आहे. तिथून रॉकेटं उडतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा मोठा पट्टा प्रतिबंधित असतो आणि उड्डाणाच्या दिवशी बंदीची हद्द वाढते. सकाळी बघितलेली सूचना दुपारी बदललेली असू शकते. आम्ही सांता मारियावरून आतल्या दरीने गेलो.

याच तळाच्या किनाऱ्यावर होंडा पॉइंट आहे. 8 सप्टेंबर 1923 च्या रात्री, धुक्यात, अमेरिकी नौदलाच्या सात विनाशिका इथल्या खडकांवर एकापाठोपाठ एक चढल्या. 23 खलाशी मेले. वेग आणि वेळ यांवरून काढलेल्या अंदाजावर भिस्त ठेवून ताफा सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत वळण्यासाठी पूर्वेकडे फिरला, आणि तो लवकर फिरला. रेडिओवरून मिळालेली दिशा वेगळं सांगत होती, ती चुकीची मानली गेली. दोन साधनं वेगवेगळं सांगत असतील तर आवडतं उत्तर निवडायचं नाही, थांबून तिसरं साधन बघायचं. टॅब्लेटवरच्या नकाशाबरोबर मी कागदी नकाशाही ठेवतो तो यासाठी.

पॉइंट कन्सेप्शनला किनारा काटकोनात पूर्वेकडे वळतो आणि हवा बदलते. उत्तरेचा जोराचा वारा मागे राहतो, पाणी निळं होतं, उजवीकडे चॅनल आयलंड्स दिसू लागतात. सांता बार्बराला मात्र संध्याकाळी डोंगरावरून समुद्राकडे सुटणाऱ्या गरम वाऱ्याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे दुपारीच उतरून मुक्काम केला. अंधार पडल्यावर किनाऱ्याने उडायचं मी टाळतो. चंद्र नसेल तर समुद्र आणि आकाश एक होतात, क्षितिज दिसत नाही आणि कान-डोळे खोटं सांगू लागतात. 16 जुलै 1999 च्या रात्री जॉन केनेडी ज्युनियर यांचं विमान मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात पडलं. रात्री पाण्यावर उतरणीला असताना दिशाभान हरपून विमानावरचा ताबा सुटला, असाच निष्कर्ष चौकशीत निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉस एंजेलिसवर ढगांचा थर होता. आम्ही अकरापर्यंत कॉफी पीत बसलो. अशा बैठकीची तरतूद आराखड्यातच असली पाहिजे: रद्द करता येणारं हॉटेल, सोमवारची सुट्टी आणि गरज पडली तर भाड्याची गाडी. पोहोचायचंच, हा हट्ट विमानात चढू द्यायचा नाही.

लॉस एंजेलिसचं आकाश जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आकाशांपैकी एक. पण छोट्या विमानासाठी मोठ्या विमानतळाच्या बरोबर डोक्यावरून एक बोळ ठेवलेला आहे. आग्नेयेकडे जाताना 3,500 फूट, वायव्येकडे येताना 4,500 फूट. वेग 140 नॉटांच्या आत, ट्रान्सपाँडरवर 1201 हा संकेतांक, दिवे चालू, ताजा नकाशा जवळ आणि रेडिओवर 128.55 मेगाहर्ट्झला आपली जागा आपणच सांगत राहायचं. नियंत्रकाची परवानगी लागत नाही. खाली चार समांतर धावपट्ट्यांवर जेट विमानं उतरत होती. आम्ही त्यांच्या पाठी बघत होतो. मामांनी फोन बाजूला ठेवून नुसतं बघितलं.

पुढे कॅटलिना बेटाकडे वळता येतं. मध्ये सुमारे वीस मैल पाणी, म्हणून 7,500 फूट उंची घ्यायची. मधोमध इंजिन थांबलं तरी एका काठाला पोहोचता येतं. तिथली 3,000 फुटांची धावपट्टी 1,602 फुटांवर, डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे. मध्ये फुगवटा असल्याने उतरताना तिचं दुसरं टोक दिसत नाही आणि वाटतं, पट्टी संपली. आम्ही सरळ सॅन डिएगो धरलं. कॅम्प पेंडलटनच्या लष्करी क्षेत्राला वळसा घालून माँटगोमरी-गिब्ज विमानतळावर उतरलो. 1927 मध्ये वैमानिक लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे विमान याच शहरात बांधलं गेलं.

परतीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. किनाऱ्यावर वायव्येचा वारा नेहमीचा, त्यामुळे तोच मार्ग उलटा उडताना लांबतो. समोरून 20 नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग 90 वर येतो आणि चार तासांच्या प्रवासाला जवळजवळ तासभर जादा लागतो. इंधनाचा थांबा त्याप्रमाणे अलीकडे आणायचा.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात उडायला शिकणारी मराठी मुलं-मुली आता भेटतात. परवाना मिळाला की बिग सर खुणावतंच. त्यांना माझं सांगणं एवढंच: पहिल्यांदा अनुभवी शिक्षकाला बरोबर घेऊन मोंटेरेपर्यंत जा, तिथून सलिनास दरीने परत या, म्हणजे पर्यायी वाट डोळ्यांखालून जाईल. मग शरद ऋतूतला दिवस निवडा, मागे-पुढे दोन मोकळे दिवस ठेवा आणि जॅकेट घाला. मोंटेरेला पुढचं दीपगृह दिसत नसेल तर वळा. किनारा पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.